वाळूतलं रोप

"हात लावू नका त्या रोपाला!"

सुमती एवढ्या जोरात ओरडली, की वाळूत वाकलेली ती डच बाई दचकून उभीच राहिली. तिच्या हातात पाइनचं वीतभर रोप होतं, मुळासकट उपटलेलं. शेजारी तसल्याच रोपांचा ढीग पडला होता.

सुमतीचा मुलगा अनुप मागून धावत आला. "आई, अगं ओरडू नकोस! इथल्या व्हॉलंटिअर आहेत त्या."

सुमतीचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. भारतात जाणारी विमानं पुन्हा सुरू झाली होती, तिकीट निघालं होतं, बॅग भरून दाराशी उभी होती. आणि आज पोरानं ते तिकीट परस्पर रद्द केलं. का, तर नागपुरात कोरोना वाढलाय! तिथं धाकटी बहीण शामला नुकती तापातून उठलेली, घरात एकटी. रोज फोनवर एकच विचारायची, ताई, कधी येतेस? तिला काय सांगायचं आता?

आईचा राग निवावा म्हणून अनुपनं तिला फेल्डहोवनच्या आपल्या घरून गाडीत घालून या वाळूच्या टेकड्या दाखवायला आणलं होतं. जशी काही ती लहान पोरच, खेळणं दिलं की गप्प बसायला! आणि इथं बघावं तर धडधाकट माणसं रोपं उपटत होती. सुमतीची सगळी नोकरी वनीकरणाच्या रोपवाटिकेत गेली होती. उमरेडच्या उन्हाळ्यात तिनं आपल्या प्यायच्या पाण्यातलं पाणी रोपांना घातलं होतं.

"विचार तिला," ती कडाडली, "या लेकरांनी काय घोडं मारलंय हिचं?"

अनुपनं विचारलं. ती बाई लांबूनच, पण न चिडता बोलत राहिली. वारा सुटला होता. वाळू सुमतीच्या पायांवरून सरसरत पुढं जात होती.

"आई, त्या म्हणतायत, ही वाळू वाऱ्याबरोबर फिरते म्हणून ही जागा जिवंत आहे. झाडं वाईट नाहीत गं. पण ती मुळं घट्ट रोवतात, वाळूला जागची हलू देत नाहीत. मग या उघड्या वाळूवरच जगणारं इथलं सगळं हळूहळू मरतं."

"जागची हलू देत नाहीत," सुमती त्याच्याकडे बघत पुटपुटली. मग खाली वाकली. पायाशी एक रोप होतं, चांगलं हिरवंगार, तिनं कौतुकानं पहिल्या रांगेत ठेवलं असतं असं. तिनं ते बुडाशी धरलं आणि हिसका देऊन उपटलं. जन्मात पहिल्यांदा.

"आई! तू?"

तिनं ते रोप अनुपच्या हातात कोंबलं.

"चल घरी. माझं तिकीट परत काढ."