शेवटचा ओटो

“मग तिसरीला तरी झालं का मूल?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही आई. तिलाही नाही,” देवयानी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिला विद्यापीठात प्रबंध मांडायचा होता. त्याची तालीम शिकागोतल्या त्या फ्लॅटमध्ये चालली होती, आणि श्रोता एकच: नागपूरहून मुक्कामाला आलेल्या सासूबाई, समोर डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेली मेथीची जुडी. विषय होता आठशे वर्षांपूर्वीचं एक जर्मन ड्यूकांचं घराणं. बापापासून नातवापर्यंत सगळ्यांचं नाव ओटो. सासूबाईंनी वैतागून त्यांना थोरला, रागीट, लंगडा अशी नावं पाडली होती. आता शेवटचा ओटो चालला होता.

देवयानी थकली होती, पण प्रबंधाने नव्हे. मूल व्हावं म्हणून इंजेक्शनं टोचून टोचून पोट निळं पडलं होतं. दर वेळी आशा लावायची आणि दर वेळी क्लिनिकच्या नर्सचा तो मऊ आवाज ऐकायचा. सोमवारी पुन्हा सगळं सुरू होणार होतं. सकाळीच तिने नवऱ्याला सांगितलं होतं, “बास आता. आपण मूल दत्तक घेऊ या.”

“यार देवयानी, आईला काय सांगू?” यशोधन म्हणाला होता. “आमचं घराणं, आमचं रक्त... ती खचून जाईल. एकदाच ट्राय करू. लास्ट.”

लास्ट हे त्याने मागच्या खेपेलाही म्हटलं होतं. पण आईचं नाव निघालं की देवयानीचं तोंड बंद व्हायचं. आताही तो तिथेच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता.

“पुढे सांग ना,” सासूबाई म्हणाल्या.

पुढे फारसं काही नव्हतंच. ओटोने नवस केले, मठ बांधले. पहिल्या बायकोला मठात धाडलं, दुसरी झुरून गेली, तिसरी वैद्यांच्या काढ्यांनी. मग तोही मेला. वंशातला शेवटचा म्हणून त्याची ढाल मोडून त्याच्यासोबत पुरली आणि शेजारच्या दोघांनी मुलूख वाटून घेतला.

सासूबाईंचा हात मेथीवर थांबला. “अगं, पण एवढा मोठा राजा. दत्तक का नाही घेतला?”

टेबलावरची टकटक बंद पडली.

“त्यांच्यात चालत नव्हतं, आई,” देवयानी कशीबशी म्हणाली. “रक्ताचाच वारस लागायचा.”

“मेल्यांना अक्कल नव्हती. रक्त रक्त करत तीन पोरींचे हाल केले, आणि घर बुडायचं ते बुडालंच.”

“आई, तुला नाही कळणार,” यशोधन तिथूनच म्हणाला. “घराण्याचा प्रश्न असतो.”

“घराण्याचं तू मला सांगतोस?” सासूबाईंनी पुढची काडी उचलली. “मामंजी, म्हणजे तुझे आजोबा, दत्तकच आले होते या घरात. कुणाचे कोण, तेसुद्धा आता कुणाला आठवत नाही.”

यशोधन उठून उभा राहिला. “काय? मला कधी सांगितलं नाहीस!”

“सांगायचं काय त्यात?” सासूबाई म्हणाल्या. “आपलेच तर होते.”