कुलूपबंद चाचणी

साहेब, खुराड्यात न डोकावताच तुम्ही पालिकेतून प्लंबरबाईंना नोटीस धाडलीत: राखायला माणूस नसेल तर कोंबड्या जप्त! लेकीच्या पदवीदानाला जायचं होतं, म्हणून बाईंनी पाइपांचे तुकडे जोडून चार दिवसांचं दाणापाणी आपोआप पडेल अशी सोय केली. चाचणीसाठी पुढच्या दाराला कुलूप ठोकून नवराबायको मागल्या खिडकीतून घरात शिरली. बाईंचा आवाज ऐकला की कोंबड्या दाणे सोडून धावत, म्हणून बोलणंही बंद. चौथ्या दिवशी कुलूप बघून तुम्ही पिंजरा घेऊन टपकलात. पाणी स्वच्छ, सातही कोंबड्या टुणटुणीत. “एकीलाही तुझी आठवण आली नाही गं!” नवरा पडद्याआड कुजबुजला. “हीच तर माझी कारागिरी!” म्हणत बाईंनी ताठ मानेनं खिडकी उघडली. “चार दिवस बोटसुद्धा लावलेलं नाही, साहेब. आता पिंजरा खाली ठेवा आणि सांगा, लेकीला ‘येतेय’ म्हणून कळवू ना?”