बाबांचं अंगुस्तान

अरे, ऐका ना. आमचे बाबा शिंपी होते, आणि अगदी गरीब गाय. ते गेल्यावर आई म्हणाली, "हा माणूस सरळ स्वर्गात गेला." शुद्धीस्थानातल्या आगीत तावून निघणाऱ्या आत्म्यांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगतात ना, ती बाबांसाठी तिने सांगितलीच नाही.

आत्या म्हणाली, "वहिनी, सांगून तर ठेवा."

"भाऊ तुमचा, आणि विश्वास तुमचाच नाही?" आईने सुनावलं.

वर्षभराने दोघींनी दुकान आवरायला काढलं. खणात बाबांचं अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे ते. हात लावला तर चटकाच बसला. शेजारची कात्री मात्र गार. आईने ते पाण्यात बुडवून काढलं, तरी तसंच तापलेलं.

"वर्षभर आगीत हो, वन्सं," एवढंच आई म्हणाली.

मग दोघी तिथेच प्रार्थनेला बसल्या, आणि खरं सांगतो, ते हळूहळू निवलं. आईने डोळे पुसले, ते उचललं आणि स्वतःच्या बोटात घालायला गेली. दिसायला रिकामं, पण बोट आत जाईचना.

"वन्सं," आई हळूच म्हणाली, "आत बोट आहे."