खांबावरची रेघ

"खांबाला चारी अंगांनी आरसा," लालासाहेब म्हणाले. "बाई पदर खांद्यावर टाकंल, वळून बघंल आन् तिथंच फसंल."

"लावू की," अर्जुना मिस्त्री म्हणाला. "पण दाराकडची भिंत माझी."

हे ठरलेलंच असायचं. अर्जुना चौथीपर्यंत शिकलेला. वाईपासून सांगलीपर्यंत दुकानं सजवायचा आणि प्रत्येक दुकानात जुन्या जागेचा हात-दीड हात तुकडा तसाच ठेवायचा. सांगलीत हळदीच्या वखारीचं बांगड्यांचं दुकान केलं, तेव्हा पोती घासून पिवळा झालेला भिंतीचा पट्टा त्यानं काचेआड ठेवला. वाईत वैद्यांच्या ओसरीवर स्टेशनरीचं दुकान आलं. रोग्यांनी बसून बसून झिजवलेला दगड त्यानं हलवू दिला नाही. आता त्याच्यावर बसून पोरं पेन्सिलींना टोकं काढत. लोक हसत, पण बघायलाही येत.

सातारची ही जागा म्हणजे एक लांबलचक हॉल. आधी इथं फौजेची भरती चालायची. पुढं दुष्काळात वाटपाच्या सुकडीची पोती रचली. आता लालासाहेबांचं साड्यांचं दुकान होणार होतं.

भरतीच्या खुणा दोन उरल्या होत्या. मधल्या खांबावर उंची मोजायला डांबरानं ओढलेली काळी रेघ, थोडी वाकडी, खाली पोरांच्या डोक्यांच्या तेलाचा डाग. आणि दाराकडच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटची रेघ, सरळ, शेजारी सुबक आकडे. अर्जुनाचा जीव लालवर बसला. त्यानं दोन्हींची मापं घेतली. लाल दोन-तीन बोटं खाली भरली. पोत्यांच्या वजनानं फरशी बसली असणार, असं म्हणून त्यानं वहीत मापं टिपली आणि रंधा हातात घेतला.

तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात एक बाई उभी राहिली. साठीची, काटकुळी, हातात चपला.

"आत येऊ का, मिस्तरी?"

"दुकान अजून व्हायचंय, मावशी."

"दुकानाचं काय करायचंय मला."

ती सरळ खांबापाशी गेली. हात उंच करून तिनं काळ्या रेघेवर तळवा ठेवला. तानुबाई तिचं नाव. माण भागातली, दहिवडीच्या पलीकडची. आता साताऱ्यात लेकीकडं राहायची.

"माजा सिद्धू हितं हुबा ऱ्हायला व्हता," ती म्हणाली.

"कुठं असतो आता?"

"लढाईत गेला."

अर्जुनानं रंधा खाली ठेवला.

"हे समदं झाकणार व्हय, लेकरा?"

"खांबाला आरसा येणार. पण ती लाल रेघ ठेवतोय, मावशी. काच लावून. बघा तरी, कशी देखणी हाय."

तानुबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. "ती नगं. ही ठेव."

"आवं, भरतीचीच हाय ती बी."

"ही ठेव. त्याचा फोटू न्हाई माज्याकडं. फौजेकडनं पेटी आली, तर तिच्यात कापडं सरकारी मापाची. एवढा एक खांब हाय. दुसरं काय मागत न्हाई."

मग ती रोजच येऊ लागली. पायरीवर बसायची, भिंतीकडं पाठ करून, खांबाकडं बघत. अर्जुना चहा मागवायचा तेव्हा तिच्यासाठी एक कप जास्त सांगायचा.

ती येऊ लागल्याच्या चौथ्या दिवशी तो लालासाहेबांसमोर उभा राहिला.

"खांबाची एक बाजू मला द्या. भिंत तुमची. सनमायका मारा."

"आरसा मिरजेवरनं कापून आलाय, गड्या! आन् ती लाल रेघ काय वाईट होती रं? आकडे बी हायेत. हे डांबर बघून गिऱ्हाईक म्हणंल, म्हशीनं अंग घासलंय."

"मग सांगायचं, आपल्या पोरांनी डोकी घासली."

लालासाहेबांचा धाकटा भाऊ फौजेतच होता. त्यांनी मिशीवरनं बोट फिरवलं.

"तुझं डोस्कं फिरलंय," शेवटी म्हणाले. म्हणजे हो.

लाल रेघेवर प्लायवूड अर्जुनानं स्वतः ठोकलं. इतक्या वर्षांत हातानं अशी खूण झाकायची पहिलीच वेळ होती, आणि प्रत्येक खिळ्याला त्याला वाईट वाटत होतं. तानुबाई मात्र उठून जवळ आली आणि शेवटचा खिळा बसेपर्यंत बघत राहिली.

"पुन्यांदा निघायचं न्हाई न्हवं हे?"

"माझं काम हाय, मावशी. पन्नास वर्सं हलायचं न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली.

दसऱ्याला सकाळी दुकान उघडलं. तीन बाजूंच्या आरशांत साड्याच साड्या. चौथ्या बाजूला सागवानी चौकटीत ती वाकडी काळी रेघ आणि तेलाचा डाग. लालासाहेबांनी तानुबाईला खुर्ची दिली, हातात लुगडं-नारळ दिलं आणि घसा खाकरून सगळ्यांना सांगितलं, "ह्या माउलीचा लेक याच रेघेखाली पास झाला आन् देशाच्या कामी आला."

टाळ्या झाल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तानुबाई खुर्चीवरून उठली. लुगडं तसंच खुर्चीवर ठेवून खांबापाशी गेली आणि हात उंच करून रेघेला हळदकुंकू वाहिलं.

"लय उंच असणार सिद्धू," शेजारी येऊन अर्जुना हळूच म्हणाला.

तानुबाईनं नाही म्हणून मान हलवली. ती बोलली ते फक्त त्यालाच ऐकू गेलं.

"या रेघंला त्यो दोन बोटं कमी पडला, लेकरा. रडत घरी आला, आन् मी आळीत साखर वाटली. वरीसभर व्हता माज्यापाशी. मग लढाईचं वारं सुटलं, आन् त्यांनी ती लाल वढली."