वेगळा तवा

धाकट्या जावेच्या तव्याला हात लावायची वासंतीला बंदी होती. का, तर तिचे हात कणकेचे! राजनंदिनीला गहू चालत नव्हता. कणभर जरी पोटात गेला तरी ती आडवी होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिचा तवा वेगळा, परात वेगळी. धायरीच्या त्या घरात देवाच्या भांड्यांनाही एवढं सोवळं नव्हतं.

बरं, तवा वेगळा तर वेगळा. पण सासूबाई? मॉलमधल्या पिठाच्या पाकिटाचा भाव ऐकून द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्यात म्हैनाभराची जवारी येती." गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून त्यांनी माळ्यावरचं जातं खाली काढलं. या वयात स्वतः दळायच्या, स्वतः थापायच्या, आणि धाकटी हिंजवडीच्या बसला पळायच्या आधी तव्यावरची भाकरी तिच्या ताटात वाढायच्या. वासंती लग्न होऊन आली तेव्हापासून घरादाराच्या पोळ्या लाटत होती. स्वतःची मात्र शेवटी, गारढोण, उभ्याउभ्या चहात बुडवून. तिच्यापुढे कुणी गरम ताट ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. जळत होती ती, अगदी मनातून जळत होती.

त्या सकाळी द्वारकाबाईंनी परातीत तीन भाकरींचं पीठ काढलं आणि आधणाचं पाणी घ्यायला वळल्या. 'बघूच, खरंच दुखतं का नुसती नाटकं,' असं मनाशी म्हणत वासंतीनं मूठभर कणीक त्या पिठात टाकली आणि बोटांनी सारखी केली.

पहिली भाकरी टम्म फुगली. तेवढ्यात राजनंदिनी केस पुसत दारात आली.

"आई, माझी बस आज लेट आहे. पहिली ताईंना द्या ना. त्यांना कधी गरम मिळतच नाही."

द्वारकाबाईंनी थोरल्या सुनेकडे पाहिलं. "खरंच की गं," त्या म्हणाल्या. तिला हाताला धरून पाटावर बसवलं, भाकरी ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला. "खा. गरम हाय तवर खा."

वासंतीचा घास तोंडातच फिरू लागला. दुसरी भाकरी तव्यावर पडली होती आणि राजनंदिनी ताट घेऊन बसली होती.

"तीपण मला वाढा, आत्याबाई," वासंती एकदम म्हणाली.

द्वारकाबाई चमकल्या, पण वाढली. तिसरी थापायला घेतली.

"तीसुद्धा."

"अगंबाई! मला ठेवा की एखादी," राजनंदिनी हसली.

"तुला नव्या पिठाची," वासंती म्हणाली. एकेक घास पाण्याच्या घोटानं ढकलत तिनं ताट रिकामं केलं, तुकडाही मागे ठेवला नाही. मग उठून परात आणि तवा मोरीत घेतला. "आधी हे घासून देते. तुम्हीपण हात धुवा, आत्याबाई."

द्वारकाबाई हात धुवून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. तिच्या पाठीवर ओला हात ठेवून म्हणाल्या, "एवढी भूक व्हती, तर इतकी वर्सं बोलली का न्हाईस, पोरी?"

परात कधीच लख्ख झाली होती. वासंती घासतच राहिली.