आदिनाथचं विमान

"दिसतंय का वो त्यात?" मच्छिंद्रनं पुन्हा विचारलं.

"अजून न्हाई. दम धरा जरा," म्हणत सहादेवनं कढईतली भजी उलटली आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

शिर्डी विमानतळाच्या फाटकाबाहेर त्याची चहाची गाडी होती. पाहुण्याला पोचवायला आलेली माणसं विमान दिसेनासं झालं तरी माना वर करून उभी राहत. सहादेव त्यांच्या हातात चहा देई आणि मोबाईलच्या नकाशावर त्यांचं विमान दाखवी. या कलेचा त्याला भारी अभिमान होता.

आज पुणतांब्याचे हे नवराबायको आले होते. थोड्या वेळापूर्वी पोलिसांची गाडी पुढे घालून एक मोटार सुसाट आत गेली, पाठोपाठ एक छोटं विमान उडालं आणि हे दोघं चहाच्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. आमचा आदिनाथ त्यात हाय, हैदराबादला चाललाय, म्हणाले.

"समदी विमानं दिसत न्हाईत," सहादेवनं समजावलं. "विमानात एक यंत्र असतं, ते आपला ठावठिकाणा सारखं सांगत ऱ्हातं. ते असलं तरच हितं दिसतं. मोठ्या विमानांत असतंच. लष्कराची बहुतेक दिसत न्हाईत. ह्या बारक्यांचं काय सांगावं."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. "दिसू दे रं देवा. येळेत पोचला पायजे."

"कामावर हजर व्हायचंय व्हय?"

"तिकडं एक पोरगी वाट बघतीया," मच्छिंद्र म्हणाला. "उशीर झाला तर काय उपेग न्हाई."

सहादेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुहूर्ताची घाई. "कुनाची पोरगी?"

"नाव ठावं न्हाई आमाला. सांगत न्हाईत ते."

सुनेचं नाव आईबापाला माहीत नाही. सहादेव गालातल्या गालात हसला. हल्लीची पोरं आईबापाला गुंडाळून ठेवतात, हे त्याचं जुनंच मत होतं.

"समदं विमान त्याच्या एकट्यासाठी आलंय," मच्छिंद्र ताठ होत म्हणाला. "नगरपासून रस्ता मोकळा केला हुता. एक सिग्नल लागला न्हाई. आमच्या घरातलं कुनी आजवर विमानात बसलं न्हाई."

बढाया ऐकायची सहादेवला सवय होती. इथं येणाऱ्या प्रत्येकाचं पोरगं साहेबाच्या खालोखालचं असतं. पण अख्खं विमान म्हणजे जरा अतीच झालं.

"मग तुमी का न्हाई गेला?" त्यानं खोडी काढली.

"आमचं हितं काम हाय," साळूबाई म्हणाली.

तेवढ्यात नकाशावर एक पिवळं चिन्ह उमटलं. सहादेवनं झारा खाली ठेवला. "हे बघा. वर चढल्यावर दिसाय लागलं. बारकं हाय, पर यंत्र हाय त्याच्यात."

दोघं मोबाईलवर वाकली. साळूबाई काचेला न शिवता, वरच्यावर बोट धरून त्या चिन्हाबरोबर सरकत राहिली. इकडे भजी करपली. सहादेवला खरं तर राग यायला हवा होता, पण बाईचा चेहरा असा उजळला होता की त्याला आपल्याच मोबाईलचं कौतुक वाटलं. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही.

विमान हैदराबादला टेकलं. काही वेळानं मच्छिंद्रचा फोन वाजला. तो नुसतं "व्हय साहेब, व्हय" म्हणत ऐकत राहिला.

"पोचला का?" आता सहादेवलाही राहवेना.

"पोचला. येळेत पोचला." मच्छिंद्रचा ऊर भरून आला होता. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. साळूबाईनं आभाळाकडे बघून हात जोडले.

चहाचे पैसे द्यायला मच्छिंद्रनं खिशात हात घातला, तसा सहादेवनं तो धरला. "ऱ्हाऊ द्या. लग्नाचे पेढे आणा म्हंजे झालं."

"लगीन न्हाई वो," मच्छिंद्र म्हणाला. "काळीज पाठवलं पोराचं, त्या पोरीसाठी. आता दवाखान्यात जाऊन बाकीचा आदिनाथ घरी न्यायचाय."