शालनताईंच्या हातचं इंजिन

वसंतरावांनी तिसऱ्यांदा चावी फिरवली, तेव्हा कुठं गाडी चालू झाली. आणि उभ्या जागी अशी थरथरायला लागली की डॅशबोर्डवरचा गणपती आडवा झाला.

"प्लग नवे, पंप ठीक," गॅरेजवाली शमा मुलाणी म्हणाली. "काका, हे इंजिन आधी कुणाच्या हाताखाली होतं?"

"हिच्या." त्यांनी शेजारी बसलेल्या शालनताईंकडे बघितलं. नजर गेल्यावर शालनताईंनी आपली गाडी मोडीत काढली आणि घराबाहेर पडणंच सोडलं. गाडीचं इंजिन तेवढं वसंतरावांनी हट्टानं आपल्या गाडीत बसवून घेतलं होतं. आज त्यांना आणलं होतं तेही हट्टानंच.

"मग बरोबर. हल्लीची इंजिनं मालकाचा हात शिकतात. तुम्ही चावीबरोबर रेस देता, ते याला खपत नाही. शिकलेलं पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम आहे."

"पुस गं बाई," शालनताई म्हणाल्या. "मला आता काय करायचंय त्याचं?"

वसंतरावांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि बायकोला आपल्या जागेवर बसवलं. शालनताईंनी चावी अर्धी फिरवली, पंपाची घरघर थांबेपर्यंत कान देऊन बसल्या, मग अलगद पुढं नेली. एका दमात गाडी चालू झाली. बॉनेटवर ठेवलेल्या शमाच्या कपातला चहासुद्धा हलला नाही.

"पुसू ना, काका?"

"अजिबात नाही." वसंतरावांनी गणपती उभा केला. "अगं, उद्या सकाळी सातला तयार राहा. तुझ्याशिवाय माझी गाडी चालू होत नाही."